गॅलरीचा कठडा : तार की गज?

ठाण्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. नवे घर, अकरावा मजला, समोर खाडी. बिल्डरने लावून दिलेला कठडा बुटका आणि हात लावला की हलणारा. तेव्हा तो काढून नवा बसवायचे ठरले, आणि ठरल्याबरोबर घरात तीन पक्ष झाले. यजमानांना पोलादाच्या आडव्या तारा हव्यात, कारण त्यांतून खाडी दिसते आणि मोबाइलवर त्यांनी तसले चित्र पाहिले आहे. सासूबाईंना उभे गज हवेत. गिरगावच्या बिऱ्हाडात उभेच गज होते आणि चार मुले त्यांच्या आत वाढली, हा त्यांचा पुरावा. धाकट्या दिरांना काच हवी. ‘ह्यांपैकी दिसायला चांगले आणि टिकायला बरे काय?’ असे विचारून पत्र संपते. सहीच्या खाली ताजा कलम आहे : घरात अडीच वर्षांचा मुलगा आहे, आणि तो फार चढतो.

आम्ही उत्तराला ह्या ताज्या कलमापासूनच आरंभ करतो. कठडा घ्यायला निघालो की आपण रंग पाहतो, चकाकी पाहतो, शेजाऱ्यांचा नमुना पाहतो आणि रनिंग फुटाचा भाव काढतो. चढणारे मूल, रेलून उभा राहणारा माणूस आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे बसून राहणारा बोल्ट, ह्या तिघांची बाजू मांडायला दुकानात कोणी नसते. वास्तविक कठडा असतो तो ह्या तिघांसाठी.

यजमानांना आवडलेल्या आडव्या तारांचे घराणे मोठे मजेदार आहे. ही तार मूळची शिडाच्या जहाजावरची. डोलकाठी ताठ उभी राहावी म्हणून तिला चहूबाजूंनी ताण देतात. त्यासाठी १९ बारीक तारा एकत्र पिळून केलेला कडक दोर वापरतात. तोच दोर पुढे किनाऱ्यावर उतरला आणि घराच्या कठड्यात शिरला. अमेरिकेत लाकडी घराच्या मागच्या अंगाला फळ्यांचा एक उघडा ओटा करण्याची पद्धत आहे. त्याला तिकडे डेक म्हणतात, म्हणजे शब्दही जहाजाचाच. संध्याकाळी त्यावर खुर्च्या टाकून बसायचे आणि समोर तळे असेल, झाडी असेल, ती पाहायची. बसलेल्या माणसाच्या नजरेला जाड दांडे नेमके आडवे येतात. म्हणून ॲल्युमिनियमचे खांब आणि त्यांतून ओवलेल्या बारीक तारा ही जोडी तिकडे लोकप्रिय झाली. तिकडच्या घरबांधणीच्या संहितेप्रमाणे असा ओटा जमिनीपासून ३० इंचांहून उंच असला की कठडा सक्तीचा होतो. कठड्याची उंची निदान ३६ इंच हवी, आणि त्यातल्या कोणत्याही फटीतून ४ इंच व्यासाचा गोळा पार जाता कामा नये, असा दंडक आहे.

हे ३० इंच लक्षात ठेवावे. आपल्या जेवणाच्या टेबलाची उंची साधारण तेवढीच असते. त्या उंचीवरून मूल पडले तर रडेल, खरचटेल, फार तर हाताला प्लास्टर लागेल. जी वस्तू टेबलाएवढ्या किंवा माणसाएवढ्या उंचीच्या ओट्यासाठी रूढ झाली, ती तशीच उचलून अकराव्या मजल्यावर लावायची, म्हणजे तिच्याकडून भलत्याच कामाची अपेक्षा करायची.

तीन-तीन इंचांच्या अंतरावर दहा-अकरा आडव्या तारा म्हणजे दुसरे काय? शिडीच ती. खुद्द अमेरिकेतही ह्या शिडीवरून वाद झाले. २००० सालच्या तिथल्या घरबांधणी संहितेत शिडीसारख्या कठड्याला आडकाठी घातली गेली होती आणि थोड्याच काळात ती काढूनही टाकली गेली. काढणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अंगणाकडेचे ओटे असतील, तर त्यांचे फार चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पण आपल्या मुलाला आपल्या गॅलरीत ठेवून विचार आपणच करायला हवा.

आडव्या नळ्यांची हौस आपल्याकडेही आजची नव्हे. १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांतल्या कित्येकींच्या गॅलऱ्यांना बोटीच्या कठड्यासारख्या आडव्या नळ्या आहेत. आर्ट डेको म्हणतात ती ही शैली. २०१८ साली ह्या परिसराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. समुद्रावरून फिरून येताना मान वर करून पाहावे, फार सुरेख दिसतात त्या. परंतु बोटीच्या कठड्यापाशी अडीच वर्षांचे पोर एकटे सोडायची कोणी छाती करील काय? घरातल्या गॅलरीत मात्र फोन वाजला, दूध उतू गेले, दारावर कोणी आले, की ते एकटे राहतेच.

उभ्या गजाचे तसे नाही. त्यावर पाय ठेवायला जागाच नसते. मूल दोन्ही मुठींत गज धरते, तोंड बाहेर काढून खालच्या फेरीवाल्याला हाक मारते, गजांवर चमचा वाजवून सगळ्यांची दुपारची झोप मोडते. पण वर जात नाही. सासूबाईंचा पुरावा कोर्टात टिकणारा आहे. घरात सहा-सात वर्षांखालचे मूल असेल, किंवा नातवंडांचे येणेजाणे असेल, तर आडवी तार लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

यजमानांनी मात्र निराश होऊ नये. ॲल्युमिनियमचा उभा गज पाऊण इंची घेतला आणि दोन गजांत साडेतीन इंचांची मोकळी जागा ठेवली, तर समोरच्या देखाव्याच्या पाच भागांतले चार भाग उघडेच राहतात. रंग काळा किंवा गडद राखी, आणि तोही बिनचकाकीचा घ्यावा. पांढरा गज उन्हात डोळ्यांत भरतो. काळा गज मागच्या देखाव्यात विरून जातो आणि दोन दिवसांनी तो आहे हेही लक्षात येत नाही.

काचेबद्दल थोडक्यात. काच चढता येत नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती नुसती टफन्ड नको. तसली काच फुटली की तिचे तुकडे तुकडे होऊन कठडाच नाहीसा होतो आणि तुकडे खालच्याच्या डोक्यावर जातात. दोन काचांमध्ये पातळ पापुद्रा घालून चिकटवलेली, म्हणजे लॅमिनेटेड हवी. ती फुटली तरी जागेवर धरून राहते. शिवाय वारा अडतो, आणि मुंबईच्या धुळीत ती दर आठवड्याला पुसायची कोणी, हे दिरांना आधी विचारून घ्यावे.

मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत हल्ली ‘अदृश्य ग्रिल’ म्हणून एक प्रकार सर्रास दिसतो. वर आणि खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये नायलॉनचे आवरण असलेल्या उभ्या पोलादी तारा, जमिनीपासून छतापर्यंत. तारा उभ्या, म्हणून चढण्याचा प्रश्न नाही. बारीक, म्हणून देखावा जात नाही. मुलाच्या घरी ही चांगली सोय आहे, मात्र दोन अटींवर. एक म्हणजे ती कठड्याच्या जोडीला हवी, कठड्याच्या ऐवजी नको. रेलण्यासाठी ती केलेली नसते. दुसरे, तारा बोटाने बाजूला सारून पाहाव्यात. कागदावर तीन इंचांचे अंतर असते, आणि तार ढिली असली की मुलाने गुडघा घातल्याबरोबर ते पाच इंच होते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी हा निराळा प्रकार. ती कबुतरांसाठीच आहे; तिच्या भरवशावर मूल सोडू नये.

आता मापे. कठडा किती उंच हवा, ह्याचे उत्तर घरातल्या सर्वांत उंच माणसाकडे असते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या पातळीवर असतो. कठडा त्याच्या खाली राहिला, तर तोल जाणारा माणूस कठड्यावरून उलटतो. वर असेल, तर कठड्याला अडून आत राहतो. पावणेसहा फुटी माणसाची ही पातळी एक मीटरच्या आसपास येते. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेलाही मीटरहून बुटका कठडा मान्य नाही, आणि अमेरिकेत घराच्या ओट्याला ३६ इंच चालत असले तरी मोठ्या इमारतींसाठी ४२ इंचांचाच आग्रह आहे. साडेतीन फूट म्हणजे हेच ४२ इंच. त्याखाली उतरू नये. आपल्या नगरपालिकेचा नियम ह्याहून कडक असला तर तो पाळावा.

उंची मोजायची ती पाय ठेवतो त्या जागेपासून. हे सांगायला नको असे वाटेल, पण पुष्कळ घरांत इथेच घोटाळा होतो. जुन्या लाद्या न उखडता त्यांच्यावर नव्या लाद्या बसवल्या की जमीन दीड-दोन इंचांनी वर येते आणि कठडा आपोआप तेवढाच खुजा होतो. पुन्हा वर लाकडी दिसणाऱ्या फळ्या किंवा हिरवा गालिचा अंथरला की आणखी इंचभर गेला. मग कडेला तुळशीची कुंडी येते, तिच्याशेजारी मनीप्लँट, एक मोडका स्टूल, जुने कूलर, वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा. ह्यांतल्या प्रत्येक वस्तूवर मूल चढू शकते, आणि चढले की साडेतीन फुटांचा कठडा त्याच्या लेखी दीड फुटांचा होतो. कठड्यावर हजारो रुपये खर्च करून त्याला स्टूल टेकवून ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

फटीचे माप ४ इंचांच्या आत, म्हणजे १० सेंटिमीटरच्या आत. लहान मूल फटीतून बहुधा पायांकडून सरकते. अंग जाते आणि डोके अडकते, म्हणून हे माप डोक्यावरून ठरवलेले आहे. बाजारात चार इंचांचा प्लास्टिकचा चेंडू मिळतो. तो घेऊन प्रत्येक फटीत दाबून पाहावा. गजांच्या फटी बहुधा बरोबर असतात. फसगत होते ती खालच्या पट्टीच्या आणि जमिनीच्या मध्ये, आणि भिंतीपाशी शेवटच्या खांबाच्या बाजूला. पावसाचे पाणी जावे म्हणून कारागीर खालची पट्टी उचलून लावतो, ते योग्यच आहे. पण दोन इंच पुष्कळ झाले.

ॲल्युमिनियम चांगले की लोखंड, हा प्रश्नही पुष्कळ वाचक विचारतात. मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, गोवा ह्या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात साध्या लोखंडाचा कठडा म्हणजे दर दोन वर्षांनी रंगाऱ्याला आमंत्रण. ॲल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही. हवा लागताच त्याच्या अंगावर स्वतःचाच एक पातळ थर जमतो आणि तो त्याचे रक्षण करतो. वजन पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश, म्हणून लिफ्टमधून नेणे सोपे. परंतु ताठपणाही एक-तृतीयांशच. त्याच मापाची पोलादाची पट्टी एक इंच वाकेल तिथे ॲल्युमिनियमची तीन इंच वाकते. म्हणून त्याचा खांब रुंद आणि जाड भिंतीचा हवा. बाजारात पत्र्यासारख्या पातळ नळ्या ‘सेक्शन’ म्हणून विकतात. त्या खिडकीला ठीक आहेत. कठड्याच्या खांबासाठी नळीची भिंत एक सुतापेक्षा, म्हणजे सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये. कापलेले टोक पाहायला मागावे. कारागीर दाखवायला कांकूं करू लागला तर तिथेच समजावे.

ॲल्युमिनियमचे दोन शत्रू आहेत. पहिला वेल्डिंगचा ताप. कठड्याच्या पट्ट्या कारखान्यात विशिष्ट उष्णता देऊन कणखर केलेल्या असतात. वेल्ड केले की सांध्याजवळची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. म्हणून खांबाच्या पायथ्याशी, जिथे सगळा जोर येतो, तिथे नुसता वेल्डचा टाका नको. खांब आत बसेल असा ओतीव किंवा जाड बूट आणि त्याला आरपार स्क्रू हवेत. दुसरा शत्रू ओले सिमेंट. त्यातला क्षार ॲल्युमिनियमला खातो. पूर्वी लोखंडी गज जसे सिमेंटात पुरून टाकत, तसे ॲल्युमिनियमचे खांब पुरू नयेत. पुरावेच लागले तर आधी डांबरी रंगाचे दोन हात द्यावेत. आणि हो, भोके सगळी आधी पाडून घ्यावीत, मग पावडर कोटिंग करावे. रंग झाल्यावर घरी आणून भोके पाडली की प्रत्येक भोकाच्या कडेने खारी हवा आत शिरते आणि रंग फोडासारखा उचलला जातो.

एवढे सगळे जमले तरी कठड्याचे भवितव्य ठरते ते जमिनीपाशी, जिकडे कोणी वाकून पाहत नाही. थोडा हिशेब करू. अमेरिकन संहिता म्हणते की कठड्याच्या वरच्या पट्टीवर कुठेही २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलोंचा जोर सोसला पाहिजे. एक धिप्पाड पाहुणा गप्पा मारता मारता रेलला, किंवा आकाशकंदील बांधताना कोणाचा तोल गेला, तर तेवढा जोर सहज येतो. कठडा १ मीटर ५ सेंटिमीटर उंच आहे, आणि तळाच्या पट्टीतल्या आतल्या बोल्टांपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंतर साडेसात सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने आतल्या बोल्टांवर येणारी ओढ होते सुमारे साडेबाराशे किलो. दोन बोल्ट असतील तर एकेकाच्या वाट्याला सव्वासहाशे. वरचे ९० किलो खाली जाईपर्यंत चौदापट झाले!

ही ओढ धरायला खाली काय आहे? लादी नव्हे, ती तर फुटेल. लादीखालचा दोन-तीन इंचांचा मसालाही नव्हे; तो नखाने उकरता येतो. धरू शकते ते फक्त स्लॅबचे काँक्रीट. म्हणून बोल्टाची लांबी लादी आणि मसाला ओलांडून काँक्रीटमध्ये पुरेशी जाईल अशी हवी. आपल्याकडे तीन इंची बोल्ट आणतात. त्यातला अडीच इंच लादी-मसाल्यातच संपतो. वर नट आवळला की कठडा त्या दिवशी अगदी घट्ट लागतो, कारागीर पैसे घेऊन जातो, आणि एक पावसाळा गेला की डुगडुगू लागतो. तो ठाण्याच्या गॅलरीतला हलणारा कठडा बहुधा ह्याच जातीचा असावा. जिथे गॅलरीला बुटकी भिंत असते आणि तिच्यावर कठडा बसवायचा असतो, तिथे ती भिंत कशाची आहे ते विचारावे. नव्या इमारतींत ती पुष्कळदा एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांची असते, आणि त्यात साधा फुगणारा बोल्ट धरत नाही. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा असला तर त्यात, नाहीतर खांब खाली स्लॅबपर्यंत न्यावा.

स्लॅबच्या कडेच्या फार जवळ फुगणारा बोल्ट नको. आवळताना कडेचा टवका उडतो. तिथे राळ भरून बसवायचे, ज्याला केमिकल अँकर म्हणतात, ते बोल्ट बरे. मात्र भोक पाडल्यावर आतली भुकटी ब्रशने काढून फुंकून साफ केली पाहिजे. हे काम दोन मिनिटांचे आहे आणि वगळले जाते ते नेमके हेच. भुकटी राहिली तर राळ काँक्रीटला न चिकटता भुकटीला चिकटते. गृहिणींनी त्या वेळी चहा घेऊन तिथे उभे राहावे. दोन्ही कामे होतील. शेवटी प्रत्येक भोकाभोवती पाणी न शिरेल असे सीलंट हवे, नाहीतर पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचे छत ओले होईल आणि मग जो पत्रव्यवहार सुरू होईल त्यात हे सदर पडू इच्छीत नाही.

मुले मोठी झाली आहेत, नातवंडांना अजून अवकाश आहे, किंवा बंगल्याच्या पुढे दोन-तीन फूट उंचीचा ओटा आहे. अशांनी आडव्या तारा हौसेने लावाव्यात. आमचा तारेशी वैरभाव नाही. फक्त ती काय मागते ते समजून घ्यावे. ती ताण मागते. एकेका तारेला साधारण शंभर किलोंचा ताण दिल्याशिवाय ती सरळ राहत नाही. दहा तारा म्हणजे शेवटच्या खांबाला हजार किलोंची ओढ, रात्रंदिवस. तेव्हा मधले खांब साधे चालतील, पण दोन्ही टोकांचे खांब दुप्पट कणखर हवेत आणि वरची पट्टी त्या दोघांना परस्परांपासून रेटून धरील अशी घट्ट बसलेली हवी. नाहीतर टोकाचे खांब हळूहळू आत वाकतात आणि तारा वाळत घातलेल्या दोरीसारख्या लोंबू लागतात. खांब तीन-चार फुटांहून दूर नकोत, तारांतले अंतर तीन इंचांहून जास्त नको. ताण द्यायचा तो मधल्या तारेपासून, मग एक वरची, एक खालची, असे करत टोकांकडे. आधी वरची आवळली तर खालच्या आवळेपर्यंत ती पुन्हा सैल होते. महिना-दीड महिन्याने एकदा पुन्हा आवळावे लागते, म्हणून आवळायचे फिरकीचे टोक हाताशी येईल असे आतल्या बाजूला ठेवावे. तार १९ पदरी कडक जातीची मागावी. कप्पीवरची मऊ तार ताणली तरी लांबत जाते. आणि तारांवर गोधड्या वाळत घालू नयेत. ज्या घरात हे शेवटचे पथ्य पाळले जाणार नाही, त्या घराने गजच घ्यावेत.

तारेचे पोलाद कोणते, हे समुद्राजवळ फार महत्त्वाचे. ‘एस. एस.’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नये. ३०४ जातीत क्रोमियम आणि निकेल असते. ३१६ जातीत त्याशिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, आणि खाऱ्या हवेला तोंड देते ते हेच. पुणे, नाशिक, नागपूर येथे ३०४ पुरे. दादर-वरळीपासून कोकण-गोव्यापर्यंत ३१६च घ्यावे. बाजारात २०२ म्हणून एक स्वस्त जात आहे. तीही तितकीच चकाकते आणि किनाऱ्यावर लवकर डागाळते. चुंबक लावून ३०४ आणि ३१६ ह्यांतला फरक कळत नाही, तेव्हा चुंबक दाखवून खात्री देणाऱ्या दुकानदाराचे फार मनावर घेऊ नये. बिलावर जात लिहून घ्यावी. पोलादाची तार ॲल्युमिनियमच्या खांबातून जाते तिथे मध्ये नायलॉनची नळी हवी. दोन निराळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते.

निगा फारशी नाही. साबणाचे पाणी आणि मऊ फडके, एवढेच. गंमत अशी की पावसाने धुतला जाणारा भाग चांगला राहतो आणि छपराखालचा, कोरडा वाटणारा भागच डागाळतो, कारण तिथले मीठ कोणी धूत नाही. भांड्यांची तारेची घासणी कधीही लावू नये. तिचे लोखंडी कण मागे राहून गंजतात आणि दोष कठड्यावर येतो. दिवाळीच्या साफसफाईत गॅलरीच्या लाद्या ॲसिडने घासण्याची जी चाल आहे, ती कठड्याला घातक आहे. त्या ॲसिडची नुसती वाफ लागूनही चकचकीत पोलादावर तांबूस डाग उठतात. आणि विजेच्या माळा? धातूच्या कठड्यावर त्या उघड्या तारेने आवळून बांधू नयेत. स्वस्त माळेचे आवरण एका ठिकाणी खरचटले तर सगळा कठडा विजेचा होतो. माळ प्लास्टिकच्या पट्टीने बांधावी, आणि ज्या माळेचे आवरण फाटले आहे ती ह्या वर्षी केराच्या टोपलीत टाकावी.

कामाला हात घालण्यापूर्वी सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी घ्यावी; नमुना ठरलेला असेल तर तोच लावावा लागतो. गॅलरी छतापर्यंत बंद करायची असेल, तर आगीच्या वेळी बाहेर पडण्याची ती वाट आहे हे विसरू नये. एक झडप उघडती ठेवावी आणि तिची किल्ली मोठ्यांना माहीत असावी.

जुना कठडा काढण्याचा दिवस नीट ठरवावा. पुष्कळ फॅब्रिकेटर सकाळी जुना तोडून नेतात आणि ‘पावडर कोटिंगहून माल आला नाही’ म्हणून नवा चार दिवसांनी आणतात. ते चार दिवस अकराव्या मजल्यावर उघडी कड राहते. नवा माल घरात येऊन पडला, मोजून झाला, बोल्ट आणि राळसुद्धा आली, की मगच जुन्याला हातोडी लावू द्यावी, आणि त्या दिवशी मुलाला मामाकडे पाठवावे. संध्याकाळपर्यंत काम पुरे झाले नाही तर गॅलरीच्या दाराला वरची कडी घालून बाहेरून... छे, आतून कुलूप लावावे, आणि त्या रात्रीपुरता कंदील स्वयंपाकघराच्या खिडकीत टांगावा.